पंप घरीच राहिला

पुढच्या सतरंजीवर नाचाच्या कपड्यांत अवघडून बसलेल्या मुला-मुलींनो,

तुमचा कार्यक्रम खोळंबलाय तो माझ्यामुळे, हे मला ठाऊक आहे. मीही तिथंच बसायचे. पाहुणे ‘यश’ हा शब्द किती वेळा उच्चारतात ते आम्ही बोटांवर मोजायचो. एकदा बोटं संपली होती. तुमची बोटं आज मोकळी राहतील.

मुख्याध्यापक सरांनी परिचयात माझी पाटबंधारे खात्यातली वीस वर्षं सांगितली. एक गोष्ट राहिली, कारण ती मी त्यांना लिहून दिली नव्हती. बेचाळिसाव्या वर्षी मी सायकलवर पाचोडहून पैठणला मुक्कामी निघाले आणि पैठणला पोचले नाही.

पैठण इथून पस्तीसेक किलोमीटर. दहावीच्या सुट्टीत आम्ही चार मैत्रिणींनी हाच बेत केला होता. वडिलांनी चष्मा काढून विचारलं, “एसटी बंद पडली का?” बेत तिथंच संपला. चुलतभाऊ मात्र त्याच महिन्यात मित्रांबरोबर जाऊन आला, आणि त्याला एसटीबद्दल कुणी काही विचारलं नाही. इथल्या पालकांना हे मुद्दाम ऐकवतेय.

मग गेल्या वर्षी जानेवारीत आठवीतल्या लेकीला घेऊन निघाले. आदल्या आठवड्यात तिला मोठमोठ्या सफरी सांगत होते. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जग फिरायला निघाले, त्यांतल्या तिघांनी फेरी पुरी केली आणि ते १९२८ साली परत आले. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी तरुण मुला-मुलींना सायकलींवर कन्याकुमारीहून काश्मीरकडे नेलं. पाठीच्या दुखण्यामुळं बाबांना बसता येत नसे, ते गाडीत आडवे होऊन सोबत होते. लेकीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यांनी पंप नेला होता का?” तिचा प्रश्न मी हसण्यावारी नेला.

सामान मी भरलं ते पंढरपूरला निघाल्यासारखं. दोन घोंगड्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मास, बॅटरी, शिवाय एक जाड पुस्तक. सगळं कॅरिअरवर उंच रचलं. “आई, आपण बिऱ्हाड हलवतोय का?” कॅरिअरवर ओझं उंच झालं की हँडल आपल्या मनानं वळायला लागतं. ओझं खाली हवं, दोन्ही बाजूंना सारखं वाटलेलं हवं. बैलगाडी भरणाऱ्याला हे कळतं, अभियंत्याला गल्लीच्या टोकाला कळलं. निम्मं सामान परत घरात गेलं. पॅच, सोल्युशन, कानस पिशवीत होतं. पंप दाराआड उभाच राहिला.

धुळे-सोलापूर महामार्ग आम्ही टाळला. तिथं ट्रक जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानंच सायकल डगमगते. दावरवाडीच्या अंगानं निघालो. आपला भाग सपाट आहे असं मी जन्मभर समजत होते. एसटीत बसून तसंच वाटतं. पायडल मारताना कळतं की जमीन सारखी श्वास घेतेय, खाली-वर. जायकवाडी धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. त्याला कुणी ढकलत नाही, पाणी केवळ उतारानं जातं. म्हणून तो चढ चढत नाही, समपातळीची रेघ धरून वळसे घेतो. हे मी कॉलेजात शिकले, पुढं नकाशांवर सह्या केल्या. ते मांड्यांना कळलं त्या दिवशी. प्रत्येक चढाला मला कालव्याचा हेवा वाटत होता.

दावरवाडी मागं पडली आणि चारच्या सुमारास बाभळीचा काटा घुसला. ट्यूब काढली, पाण्याच्या डबक्यात बुडवली, बुडबुडे सापडले, पॅच लावला. झकास बसला! आणि मग आम्ही मायलेकी एकमेकींकडं बघत राहिलो. हवा कशानं भरायची?

सायकली हातात धरून चालताना एका वस्तीवरच्या म्हातारीनं हटकलं.

“कुठं निघाल्या माय?”

“पैठणला.”

“मंग सायकल हातात कामून?”

तिनं पुढं काही विचारलं नाही. बाजरीची भाकरी झाली, लेकीसाठी हुरडा भाजला गेला, ओसरीत वाकळा पडल्या. नाव-गाव विचारलं ते जेवण झाल्यावर.

रात्री दोनला जाग आली. मोटारीची लाईट आली होती आणि म्हातारीचा मुलगा बागेला पाणी द्यायला, दारं धरायला निघाला होता. मीही मागं गेले. मोसंबीच्या बागेत, मृगबहाराच्या फळांखाली, तो अनवाणी पोटरीभर गार चिखलात उभा. एक दारं फोडायचा, दुसरं बांधायचा. बॅटरी दातांत धरलेली, कारण दोन्ही हात फावड्याला. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, जिवंत साठा २१७१ दशलक्ष घनमीटर, हा आकडा मी झोपेतही सांगेन. वीस वर्षं पाण्याचे हिशेब लिहिले. पण त्या हिशेबाच्या शेवटच्या टोकाला, रात्री दोनला, माणूस कसा उभा असतो ते मी तोवर पाहिलं नव्हतं. मी त्याला माझं खातं सांगितलं नाही. लाज वाटली म्हणा. बॅटरी तेवढी त्याच्या दातांतून काढून हातात धरली आणि उजेडेपर्यंत धरून उभी राहिले.

सकाळी शेजारच्या वस्तीवरून पंप आला. पुढं पैठण, मागं सोमवारचं ऑफिस. मागं वळलो. वारा तोंडावर होता, पाचोड यायला दुपार झाली. चौकात ओळखीच्या काकांनी विचारलं, “मग, नाथांचं दर्शन झालं?” लेक म्हणाली, “नाही, पण हुरडा खाल्ला.”

इथल्या काही मुलींकडं शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकली आहेत, काहींकडं भावाच्या जुन्या. पालकांची परवानगी काढण्याच्या कामी मी फोनवर बोलायला तयार आहे. नंबर सरांकडं आहे.

आणि तो पंप आज बरोबर आणलाय. शाळेच्या ऑफिसात ठेवून जातेय. वॉशर जुना आहे, दोन थेंब तेल सोडल्याशिवाय हवा धरत नाही.