परदेशी मालक आणि थकलेला पगार

गोव्यात, रत्नागिरी जिल्ह्यात आणि हैदराबादेत अशी अनेक कुटुंबे आहेत, की ज्यांचा चरितार्थ आखाती देशांतून येणाऱ्या पैशावर चालतो. एखाद्या महिन्यात रक्कम आली नाही, तर मालकाची काही अडचण असेल असे समजून घर गप्प राहते. दुसरा महिना जातो, तिसरा जातो. वाण्याची उधारी वाढते, सावकार दारात येतो, आणि दूरध्वनीवर मुलगा सांगत असतो, "पुढल्या महिन्यात सगळे एकदम मिळणार आहे." खरा धोका या आशेतच असतो; कारण थकबाकीचा दावा काळाबरोबर दुबळा होत जातो.

२०१६ साली याचा मोठा प्रत्यय आला. तेलाचे भाव घसरल्यावर सौदी अरेबियातील काही बांधकाम कंपन्यांनी पगार थांबविले आणि हजारो भारतीय कामगार छावण्यांत अडकून पडले. जेद्दा येथील भारतीय वकिलातीला त्यांच्या अन्नाची सोय करावी लागली. परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग स्वतः तेथे गेले. तथापि परत येण्याची सोय होऊनही कित्येकांचे पाऊल उचलेना. आज परतलो, तर घामाचे पैसे कायमचे बुडतील, हे त्यांचे भय अनाठायी नव्हते.

कामगाराच्या या असहायतेचे मूळ 'कफाला' पद्धतीत आहे. तीत परदेशी मजुराचा वास्तव्य-परवाना मालकाशी जखडलेला असतो. अलीकडे अनेक देशांनी ही बंधने सैल केली. कतारने २०२० साली नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या संमतीची अट काढून टाकली. मजुराचे पारपत्र अडकवून ठेवणे तर आखातातील अनेक देशांत बेकायदेशीर आहे. असे असूनही ते कपाटात बंद करणारे आणि 'पळून गेला' अशी वर्दी देण्याची धमकी घालणारे मालक आढळतात. म्हणूनच छळ असह्य झाला तरी, जिवाला धोका नसेल तर, तक्रार नोंदविण्यापूर्वी काम सोडून निघून जाणे हिताचे नसते. मारहाण होत असेल तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता पोलीस किंवा वकिलात गाठावी.

दाव्याचा प्राण म्हणजे पुरावा. करारपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचा उतारा, हजेरीची नोंद आणि धमकीचे संदेश यांच्या प्रती घरी पाठवून ठेवाव्यात. पगार बँकेमार्फतच देण्याची सक्ती करणारी व्यवस्था संयुक्त अरब अमिरातीने २००९, सौदी अरेबियाने २०१३ आणि कतारने २०१५ साली सुरू केली. त्यामुळे न आलेल्या पगाराचीही एक साक्ष बँकेत राहते. तक्रार त्या देशाच्या कामगार खात्याकडे करावयाची असते. तेथे आधी तडजोडीचा प्रयत्न होतो, तो फसल्यास प्रकरण न्यायालयात जाते. सौदी अरेबियात नोकरी संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. अमिरातीत ही मुदत २०२४ च्या दुरुस्तीने दोन वर्षे झाली आहे.

भारतीय वकिलात म्हणजे न्यायालय नव्हे. परंतु ती मालकाशी बोलणी करू शकते. गरजूला आसरा, कायद्याचे साहाय्य आणि परतीचे तिकीट देण्यासाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. २०१५ साली सुरू झालेल्या 'मदद' या सरकारी संकेतस्थळावर घरच्या माणसांनाही गाऱ्हाणे नोंदविता येते.

परतताना दोन गोष्टींची जपणूक हवी. 'सर्व देणी पावली' अशा आशयाच्या अरबी कागदावर, तो वाचून घेतल्यावाचून आणि पैसे हाती आल्यावाचून, सही करू नये. आणि दावा शिल्लक असेल, तर तो पुढे चालविण्याचे मुखत्यारपत्र विश्वासू माणसाच्या नावे करून ठेवल्याखेरीज विमानात बसू नये.

शेवटी, सावधगिरीचा आरंभ गाव सोडण्यापूर्वीच होतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदलेल्या दलालामार्फत गेलेल्याचा करार सरकार-दप्तरी असतो. नोकरीचे आश्वासन ऐकून पर्यटकाच्या परवान्यावर गेलेल्याजवळ दाखवावयास कागदच नसतो. मजुरी ही मालकाची मेहेरबानी नव्हे, ती केलेल्या श्रमाची किंमत आहे. ती मागण्यात लाज नाही. पहिल्याच चुकलेल्या महिन्यात ती लेखी मागावी, एवढेच.