मामा-मामींची केनिया सफारी आणि मी न विचारलेले प्रश्न

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचा नेटपॅक संपलाय, त्यांच्यासाठी जसा बोललो तसाच इथं लिहून देतोय.

विषय बघून काहीजण म्हणतील, परभणीत बसून आफ्रिकेच्या गप्पा? अहो, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणारे आपण, आपल्याला काय लांब! आणि खरंच सांगतो, मुंबईहून नैरोबीला थेट विमान साधारण सहा तासांत पोचतं. परभणीहून मुंबईला रेल्वेनं जायला त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. 'सफारी' हा शब्द स्वाहिली भाषेतला, मूळ अरबी 'सफर'. म्हणजे आपल्या 'सफर'चाच सख्खा भाऊ.

तर गोष्ट माझ्या मामा-मामींची आहे. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. सगळी नोकरी जिंतूर आणि सेलू तालुक्यात. पोरांना भूगोल शिकवताना नकाशावर आफ्रिका दाखवायचे, स्वतः कधी हैदराबादच्या पुढं गेले नव्हते. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा म्हणाले, "बाळा, एकदा तो मसाई मारा बघायचाय. तू बघ मोबाईलवर कसं काय जमतं ते."

आता हे वाक्य नीट ऐका, कारण आजचा सगळा भाग त्याच्यावर आहे. 'तू बघ मोबाईलवर.' आपल्या घरात रेल्वेचं तिकीट, लाईटबिल, पीकविम्याचा फॉर्म, सगळं आपणच बघतो ना? मोठी माणसं आपल्यावर विश्वास टाकून मोकळी होतात. मीही बघितलं. इन्स्टाग्रामवर मुंबईच्या एका कंपनीची जाहिरात आली. 'तीन रात्री चार दिवस मसाई मारा', सोबत सिंहाचा फोटो, आणि बाकीच्यांपेक्षा दर कमी. व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. मी पहिलं पान वाचलं, शेवटच्या पानावरचा आकडा बघितला आणि बुक करून टाकलं.

ऑगस्ट २०२४. वाइल्डबीस्टचे कळप टांझानियातल्या सेरेंगेटीतून मारा नदी ओलांडून केनियात येतात, तो हंगाम. मामा-मामी नैरोबीला उतरले, फोटो आले, सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी मी वसमत रोडला चहा पीत होतो. इथं साडेअकरा वाजले होते, तिथं नऊ. आपण त्यांच्या अडीच तास पुढं. कंपनीचा फोन आला. "सर, पार्कची एंट्री फी भरायची आहे. दोघांची दोन दिवसांची ८०० डॉलर. आत्ता पाठवा, गाडी गेटवर उभी आहे."

८०० डॉलर म्हणजे तेव्हाचे ६७ हजार रुपये! मी म्हणलं, "पॅकेजमध्ये नाही का?" तर म्हणाले, "पान चार बघा सर." बघितलं. बारीक अक्षरात लिहिलेलं, 'प्रवेश शुल्क लागू असेल त्याप्रमाणे वेगळे.' काय बोलणार? मामा-मामी परक्या देशात गेटवर बसलेत. मी दहा मिनिटांत पैसे पाठवले.

खरं म्हणजे हा आकडा गुपित नाही. मसाई मारात परदेशी पर्यटकाला जानेवारी ते जून माणशी दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर लागतात. २०२४ पासून हा दर आहे. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६. मी दोन मिनिटं शोधलं असतं तर सापडलं असतं. 'स्वस्त' पॅकेज स्वस्त का होतं, ते तेव्हा कळलं.

दुसरी गोष्ट मामा परत आल्यावर कळली. पीडीएफमध्ये लिहिलं होतं 'मुक्काम: मसाई मारा'. प्रत्यक्षात मुक्काम होता नारोक गावात. तिथून पार्कचं गेट दीड तासाहून लांब. रोज सकाळी नाश्ता करून निघायचं, नऊच्या पुढं गेट, आणि दुपारी परतीची घाई. जंगलात जनावरं दिसायची खरी वेळ पहाटेची आणि संध्याकाळची. तेवढ्या वेळात हे दोघं डांबरी रस्त्यावर. गाडी सात जणांची व्हॅन, मामींची जागा मागच्या कोपऱ्यात, समोर दुसऱ्या पाहुण्यांची डोकी.

मामा गुरुजी माणूस, सगळं डायरीत लिहिलेलं. चार दिवसांत गेटच्या आत एकूण साडेनऊ तास. मला म्हणाले, "सिंह बघितला रे बाळा, खोटं कशाला बोलू. पण सिंहापेक्षा जास्त वेळ मी नारोकचा पेट्रोल पंप बघितला." ते हसले. मला काही हसू आलं नाही. बुक तर मी केलं होतं ना.

याच्या उलट अनुभवही आहे. माझा एक मित्र पुण्यात असतो, तो आईवडिलांना घेऊन त्याच हंगामात गेला. पॅकेज आमच्यापेक्षा महाग. पण मुक्काम गेटला लागून, सहा वाजता गाडी आत, प्रत्येकाला खिडकी. त्याच्या आईनं मारा नदीच्या काठावर तीन तास बसून कळप ओलांडताना बघितले. जंगल तेच, सिंह तेच. फरक कंपनीचा, आणि त्यानं आधी विचारलेल्या प्रश्नांचा. ते प्रश्न मी त्याच्याकडून घेतले, आता तुम्हाला देतो. घरच्यांचं बुकिंग करताना हे व्हॉट्सॲपवर लेखी विचारा. फोनवर नको.

एक. मुक्कामाच्या हॉटेलचं किंवा कॅम्पचं पूर्ण नाव काय, आणि ते गेटपासून किती लांब? नाव मिळालं की स्वतः गूगल मॅपवर टाकून बघा. 'किंवा तत्सम हॉटेल' असं लिहिलं असेल तर 'तत्सम' म्हणजे कोणतं, तेही विचारा.

दोन. प्रवेश शुल्क पॅकेजमध्ये आहे का? किती दिवसांचं? 'लागू असेल त्याप्रमाणे' हे उत्तर नाही. आकडा मागा.

तीन. गाडी कोणती, आत किती जण, प्रत्येकाला खिडकी मिळणार का? तिथं मोठी जीप किंवा छत वर उघडणारी व्हॅन असते. व्हॅन वाईट नसते, पण सात जण कोंबले तर मागच्याला फक्त धूळ दिसते.

चार. तिथं नेणारी स्थानिक कंपनी कोणती? हे बहुतेकांना माहीतच नसतं. तुम्ही पैसे देता परभणीच्या एजंटला, तो मुंबईच्या कंपनीला, मुंबईची कंपनी नैरोबीच्या कंपनीला, आणि शेवटी गाडी चालवणारा माणूस वेगळाच. केनियात टूर कंपन्यांची संघटना आहे, तिला 'काटो' म्हणतात. स्थानिक कंपनी सभासद आहे का, ते तपासता येतं. गाईड लोकांचीही संघटना आहे. ती परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे देते. 'आमचा गाईड कोणत्या दर्जाचा?' एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं की पार्टी माहितगार आहे.

पाच. पैसे कुणाच्या खात्यावर जाणार? कंपनीच्या नावाच्या खात्यावरच भरा. कुणाच्या वैयक्तिक नंबरवर यूपीआय करू नका. बिलावरचा जीएसटी नंबर सरकारच्या जीएसटी पोर्टलवर टाकला की कंपनीचं खरं नाव फुकटात दिसतं. जमलं तर क्रेडिट कार्डानं भरा, वाद झाला तर बँकेकडे दाद मागायची एक वाट राहते. आणि ट्रिप रद्द झाली तर किती पैसे परत, हे लेखी घ्या.

आता रिव्ह्यूंबद्दल. आपण सगळे रिव्ह्यू बघतो, पण बघतो काय तर वरचा आकडा, ४.८ स्टार. मी आता वेगळं करतो. आधी तीन स्टारवाले वाचतो. पाच स्टारवाला खुशीत असतो, एक स्टारवाला रागात. तीन स्टारवाला शांतपणे सांगतो की काय बरं होतं आणि काय नव्हतं. मग तक्रारींवर कंपनीनं काय उत्तर दिलंय ते बघतो. चूक मान्य करून काय केलं ते लिहिलंय की ग्राहकालाच झापलंय? आणि एकाच आठवड्यात 'बेस्ट ट्रिप एव्हर' असे वीस रिव्ह्यू आले असतील, तर समजून जा.

काही गोष्टी तुमच्याच हातात आहेत. केनियाहून परत येताना पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड लागतं. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची असते आणि ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. कार्ड नसेल तर इथं उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. साठीच्या पुढच्या माणसांनी आधी डॉक्टरांशी बोलायचं. केनियाला आता व्हिसाऐवजी ऑनलाईन परवानगी काढावी लागते, ईटीए म्हणतात. तिच्यासारख्या दिसणाऱ्या खाजगी वेबसाइट भरपूर आहेत, जास्त पैसे घेतात. सरकारी साइटचा शेवट 'डॉट गो डॉट केई' असा असतो. आणि हो, केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. आमच्या मामींनी धपाटे आणि चिवडा पिशव्यांत बांधला होता. निघायच्या आदल्या रात्री सगळं स्टीलच्या डब्यांत भरलं. एवढी एक गोष्ट मी वेळेवर वाचली होती!

आता तक्रारीचं. मामा म्हणाले, "जाऊ दे, मोठ्या शहरातली कंपनी, आपण कुठं भांडणार?" आपल्याकडं सगळ्यांना असंच वाटतं. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक जिथं राहतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनी मुंबईची असो नाहीतर दिल्लीची, तक्रार आपल्या परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षं. त्याच्याही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.

मी १९१५ वर तक्रार नोंदवली, मग कंपनीला लेखी नोटीस पाठवली. प्रवेश शुल्काचं काही झालं नाही, कारण ते पान चारवर लिहिलेलं होतं. पण 'मुक्काम: मसाई मारा' हेही लिहिलेलं होतं! हॉटेलचं बिल नारोकचं, पीडीएफमध्ये मसाई मारा, आणि मामांच्या डायरीत रोजच्या वेळा. दोन महिने टोलवाटोलवी झाली. शेवटी आयोगात जायच्या आधीच कंपनीनं मुक्कामाचे बरेचसे पैसे परत केले. लिहिलेलं होतं तिथं आम्ही हरलो, आणि लिहिलेलं होतं तिथंच जिंकलो. म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवा, डिलीट करू नका.

एक मात्र लक्षात ठेवा. तुम्ही थेट नैरोबीच्या कंपनीला ऑनलाईन पैसे भरले, तर थोडे वाचतील. पण फसलात तर परभणीत बसून त्यांच्याकडून वसूल करणं फार अवघड. तो हिशोब आधी करा.

शेवटचं, ड्रायव्हरबद्दल. मामा-मामींचा ड्रायव्हर चांगला माणूस होता. डिझेल किती जाळायचं, कधी परतायचं, हे त्याला ऑफिसातून ठरवून दिलेलं. मामींनी त्याला धपाटे खाऊ घातले, त्यानं मामींना पुढं आपल्या शेजारी बसवलं. त्याच्यावर राग काढून काय मिळणार होतं? आणि पर्यटकही कमी नसतात. 'अजून जवळ घे, टिप देतो' म्हणून ड्रायव्हरला भरीला पाडतात. हे आफ्रिकेतच होतं असं नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला आपल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. जो ड्रायव्हर 'नाही, एवढं जवळ नाही नेणार' म्हणतो, त्याला चांगला रिव्ह्यू द्या. कंपनी निवडताना तसेच रिव्ह्यू शोधा.

मामा आता परत जायचं म्हणतात, या वेळी टांझानियाला. मी म्हणलं, "मामा, मी बघतो मोबाईलवर." तर म्हणाले, "तू बघ, पण प्रश्न मी लिहून देणार." आणि खरंच दिले. वहीच्या पानावर, गुरुजींच्या अक्षरात, सतरा प्रश्न. पहिला प्रश्न, 'पेट्रोल पंप किती लांब आहे?'

तुमच्या घरच्यांची ट्रिप तुम्ही बुक केली असेल आणि काही बरंवाईट घडलं असेल, तर खाली लिहा. आणि हा भाग घरातल्या त्या माणसाला पाठवा, ज्याला सगळे म्हणतात, 'तू बघ मोबाईलवर.' भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!