जयपुरात समुद्र सांभाळताना : गाळणी हवी की नको?

सैन्यातून निवृत्त झाल्यावर मी जयपूरच्या जगतपुऱ्यात राहतो. घरात खाऱ्या पाण्याची 200 लिटरची टाकी आहे आणि तिच्यात क्लाउनफिशची एक जोडी. टाकी पाहायला येणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, ‘सर, फिल्टर लावायचा की नाही?’ आज त्यावरच बोलतो.

यांत्रिक फिल्टर म्हणजे साधी गाळणी. स्पंज, पांढरा कापूस किंवा कापडी पिशवी. पंप त्यातून पाणी ढकलतो आणि माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य तिथं अडकतं. पाणी स्वच्छ दिसतं. पण अडकलेली घाण अजून टाकीच्याच पाण्यात असते आणि तिथं कुजते. कुजताना अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे नायट्रेट. अमोनिया माशांना विषारी, आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4 असल्यामुळे गोड्या पाण्यापेक्षा इथं तो जास्त घातक ठरतो. म्हणून स्पंज दर दोन-तीन दिवसांनी बाहेर काढून धुतला, तरच गाळणीचा उपयोग.

मग गाळणीशिवाय चालतं का? चालतं. इंडोनेशियाचे ली चिन एंग यांनी 1961च्या सुमारास हे जगापुढे मांडलं. समुद्रातले जिवंत दगड, समुद्राचं पाणी, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर त्यांच्या टाक्या चालत. दगडांच्या छिद्रांतले जिवाणू सफाई करत. गाळणी नसल्यानं पाण्यातले बारीक जीवही टिकत, आणि ते खाणाऱ्या प्राण्यांची सोय होई.

पण त्यांच्याजवळ समुद्र होता. आपल्याकडे कायदाही वेगळा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली सर्व कठीण प्रवाळ आले. प्रवाळाचे दगड समुद्रातून काढून आणणं हा गुन्हा आहे. कोणी ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकायला आणले तर घेऊ नका. कोरडे सच्छिद्र दगड किंवा सिरॅमिक घ्या, बाटलीतले जिवाणू सोडा आणि थांबा. जिवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासा आणायचा नाही. मासेही टाकीत पैदा झालेलेच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलेलं आहे.

आता जयपूरची गोष्ट. इथं दोन शत्रू आहेत, उन्हाळा आणि वीज जाणं. 25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. पाणी तापलं की तो आणखी घटतो. वीज गेली की बंद डब्याच्या फिल्टरमधली घाण प्राणवायूवाचून सडते, आणि वीज आल्यावर पंप तेच पाणी टाकीत सोडतो. म्हणून इथं बंद डब्याचा फिल्टर नको. उघडा, सहज हाती येणारा स्पंज ठेवा. आणि गाळणी असो वा नसो, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवाच.

मे-जूनच्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा लावला तर टाकी चांगली थंड होते, पावसाळ्यात तेवढी नाही. पंख्यानं पाणी उडतं, मीठ मागं राहतं. म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची. बोअरचं पाणी नको, त्यात क्षार असतात, राजस्थानात बऱ्याच ठिकाणी फ्लोराइड आणि नायट्रेटही.

माझं उत्तर असं. मासे तीन-चारपेक्षा जास्त असतील आणि स्पंज वेळेवर धुणारं माणूस घरात असेल, तर गाळणी लावा. मासे एक-दोनच असतील, खाद्य मोजून देत असाल, तर ती नको. दगड, वाळू आणि पाणी फिरवणारा एक पंप पुरे. माझ्या टाकीत मी हेच करतो. दर आठवड्याला तळाचा गाळ नळीनं ओढून 20 लिटर पाणी काढतो आणि तेवढंच नवं घालतो. लिटरला 35 ग्रॅमच्या हिशेबानं 700 ग्रॅम समुद्री मीठ लागतं. स्वयंपाकातलं मीठ चालत नाही.

फौजेत कुठंही तळ पडला की मुक्कामाआधी ठरायचं, कचरा कुठं जाणार आणि कोण नेणार. टाकी घेण्याआधी घरात एवढंच ठरवा. तुम्ही गावाला गेलात तर ते काम कोण करणार, हेही ठरवा. उत्तर मिळालं नाही, तर टाकी घेऊ नका. काचेआडचा जीव दुसरीकडे जाऊ शकत नाही.

जय हिंद.