इस्पितळातील सेवकांच्या नजरेतून खासगीकरण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



वैद्यकीय सेवेच्या खासगीकरणावर अर्थशास्त्रज्ञ बोलतात, मंत्री बोलतात, वर्तमानपत्रे अग्रलेख लिहितात. परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, वॉर्डातील मामा-मावश्या यांना त्याविषयी काय वाटते, हे सहसा कुणी विचारीत नाही. मंडळाने विचारले, म्हणून आम्ही रुग्णसेवेतील मंडळी आपल्यासमोर उभी आहोत.

इस्पितळ विकले गेले, फाटकावरची पाटी बदलली, असे आमच्या पाहण्यात क्वचितच येते. खासगीकरण येते ते मागच्या दाराने, एकेका खात्यातून. प्रथम झाडलोट आणि पहारा ठेक्याने दिला जातो, मग धुलाई नि स्वयंपाक, पुढे रक्ततपासणी. इमारत सरकारी, औषध सरकारी, पण स्ट्रेचर ढकलणारा माणूस ठेकेदाराचा. रात्री दोन वाजता तो जागेवर नसला, तर सिस्टरने त्याच्या मुकादमाला फोन करायचा. त्याला ताकीद देण्याचा अधिकार तिला नाही. रुग्ण दगावला, तर नातेवाइकांचा जाब मात्र तिलाच. आणि त्या माणसाचा तरी काय दोष? ठेका बदलला की त्याची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायची.

आपण ज्या गुजरातेत राहतो, तेथील चिरंजीवी योजनेचे उदाहरण घ्या. 2005 च्या अखेरीस पाच जिल्ह्यांत ती सुरू झाली व पुढे राज्यभर पसरली. गरीब स्त्रीचे बाळंतपण खासगी डॉक्टरने करावे आणि सरकारने दर शंभर बाळंतपणांमागे ठरीव रक्कम द्यावी. आरंभी ती 1,79,500 रुपये होती. हेतू निःसंशय चांगला. परंतु प्रसूतिकक्षात आयुष्य घालविलेल्या भगिनींना पहिल्याच दिवशी शंका आली: रक्कम सरसकट असली, की सोपे बाळंतपण ठेवून घ्यावे आणि अडलेली बाई सिव्हिलकडे धाडावी, असा मोह होणारच. 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, या योजनेमुळे दवाखान्यातील बाळंतपणांचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे दिसले नाही.

याचा अर्थ आम्ही प्रत्येक ठेक्याच्या विरोधात आहोत, असे मात्र नव्हे. 2016 मध्ये केंद्र सरकारच्या डायलिसिस कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांतून खासगी भागीदारीची केंद्रे उघडली. जागा, वीज, पाणी सरकारचे. यंत्रे आणि माणसे भागीदाराची. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला सेवा मोफत. आठवड्यातून दोन-तीन वेळा बसने मोठ्या शहराकडे जाणाऱ्या माणसाला आपल्याच जिल्ह्यात डायलिसिस मिळू लागले, हे डोळ्यांआड कसे करावे? आमच्यातील तंत्रज्ञ मंडळी तर चालू स्थितीतले यंत्र पाहूनच निम्मी विरघळतात. त्यांचा प्रश्न इतकाच, की करार संपल्यावर हे कसब सरकारी इस्पितळात कुणाच्या हाती उरणार?

नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने 1946 मध्ये म्हटले होते, की पैसे नाहीत म्हणून कुणीही पुरेशा उपचारांवाचून राहू नये. खर्च कोणी करावा, याचे उत्तर त्यात मिळते. रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या माणसाची जबाबदारी कोणी घ्यावी, हा प्रश्न पुढच्या काळाने आमच्यापुढे ठेवला आहे.

जाता जाता एक घरगुती गोष्ट. आपल्या कित्येक मुली परिचारिकेचे शिक्षण घेतात. नेमणूकपत्र हाती आले, की पगाराच्या आकड्याआधी खालची सही इस्पितळाची आहे की पुरवठादाराची, हे पाहावे. मुदत किती, भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार, वापरलेली सुई टोचली तर उपचार कोण करणार, हेही विचारून घ्यावे. कागद उमगला नाही तर आमच्यापैकी कुणाकडेही आणावा. रविवारी सकाळी आम्ही बहुधा मंडळाच्या वाचनालयातच असतो.