खांबावरचा पोपट
(जीर्णोद्धार सोहळ्यात सभामंडपात झालेले भाषण)



समितीने मला ‘कला आणि कलावंत’ ह्या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. विषय भारदस्त आहे, पण त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. आपण बसलो आहोत त्या मंडपातूनच सुरुवात करू.

गाभाऱ्याकडे तोंड केले म्हणजे डाव्या हाताचा दुसरा खांब पाहा. जुन्या खांबांपैकी चारच राखता आले, बाकीचे वाळवीने पोखरले होते. हा त्या चारांतला. लाकूड फणसाचे. चारही खांबांवर वेलीची एकच पट्टी आहे : तीन पाने, एक कळी, पुन्हा तीन पाने. ह्या खांबाला मात्र पुरुषभर उंचीवर गाठ आली आहे. गाठीवर पटाशी नीट चालत नाही, लाकडाचे रेषे फिरतात, कड उडते. दुसरा कोणी असता तर गाठ भिंतीकडे फिरवून खांब उभा करता, आणि त्यात चूक काहीच नव्हती. ह्या सुताराने वेल गाठीपाशी वळविली आणि गाठीचाच पोपट केला. गाठीची वर्तुळे म्हणजे त्याच्या छातीवरची पिसे. लहान मुले हा पोपट बरोबर हुडकून काढतात. मोठ्यांना दाखवावा लागतो.

माझ्या मते कला म्हणतात ती तेथे आहे. तीन पाने, एक कळी हा शिकलेला भाग. बापाने मुलाला शिकवावा, हात बसला की यावा. गाठ आल्यावर काय करावे हे मात्र कोणी सांगून ठेवलेले नव्हते. तेथे त्याला एकट्याला ठरवावे लागले, आणि चुकले असते तर अख्खा खांब वाया गेला असता. मूर्तिकारांच्या शास्त्रातही असेच आहे. नवताल मूर्ती नऊ ताल उंच, एक ताल बारा अंगुळांचा, म्हणजे मूर्ती १०८ अंगुळे. कपाळ, नाक, हनुवटी, सगळ्यांची मापे ठरलेली. तरी एकाच मापाच्या दोन मूर्ती शेजारी ठेवल्या तर एक बोलेल असे वाटते, दुसरी नुसती मापात बरोबर असते. छिन्नी कोठे थांबवावी हे मापात लिहिलेले नसते.

कोणी म्हणेल, ज्याला आपण हात जोडतो ती श्रेष्ठ कला. तसे नाही. आपले मूळ स्थान म्हणजे अनघड पाषाण. त्याला छिन्नी लागलेली नाही, तरी सारा गाव त्यापुढे वाकतो. तेथे देव आहे, कलावंत नाही. उलट पोपटाला कोणी हळदकुंकू वाहत नाही, पण तेथे कलावंत आहे. दोघे एका छपराखाली नांदतात म्हणून भक्ती आणि कला एकच समजू नये.

आमच्या एका स्नेह्यांनी शंका काढली, की तो तर रोजावर काम करणारा माणूस, त्याला कलावंत कसे म्हणावे? राजा रविवर्म्याने संस्थानिकांकडून मोबदला घेऊनच चित्रे काढली, आणि १८९४ मध्ये मुंबईत छापखाना घालून देवादिकांची चित्रे घरोघर विकली. त्याला कलावंत म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. आपल्या चौसष्ट कलांच्या जुन्या यादीत गायन, नृत्य, चित्र ह्यांच्याच पंक्तीला तक्षण म्हणजे सुतारकाम बसलेले आहे, स्वयंपाक आणि फुलांच्या माळा गुंफणेही आहे. पंक्तिभेद मागाहूनचा.

ह्याचा अर्थ प्रत्येक सुतार कलावंत, असे मी म्हणत नाही. चोख बसलेले दार हे चोख काम, एवढेच. त्यात कमीपणा नाही. वर सुंदर पोपट आणि छप्पर गळते, असा मंडप कोणाला हवा?

नवे खांब संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कोरून आणावेत, अशी सूचना आली होती. भाव कमी, वेळ कमी. यंत्राला मी नावे ठेवीत नाही. दारांच्या चौकटी यंत्रावरच कापल्या आणि उत्तम झाल्या. पण यंत्र गाठीवरूनही तीन पाने, एक कळी करीतच जाणार. समितीने जादा खर्च सोसून ते काम आपल्या तालुक्यातील सुतारांना दिले. त्यांनी जुन्या पोपटाची नक्कल केली नाही, हे मला फार आवडले. नव्यांपैकी एका खांबाला चीर होती, तेथून त्यांनी वेलीचा देठ नेला. चीर आता शोधून सापडत नाही.

वेरूळच्या कैलासाविषयी शके ७३४ चा (इ. स. ८१२) एक राष्ट्रकूट ताम्रपट बडोद्यास सापडला. ते देऊळ पाहून देवही थक्क झाले, आणि घडविणारा स्वतःच, हे आपल्या हातून कसे झाले, म्हणून चकित झाला, असा त्यात मजकूर आहे. ताम्रपटात राजाचे नाव आहे. त्या चकित झालेल्या माणसाचे नाही. उलट कर्नाटकात बेलूरचे चेन्नकेशव मंदिर १११७ चे. तेथे मूर्तींखाली शिल्पकारांची नावे कोरली आहेत. बळ्ळिगावेचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण ही बापलेकांची नावे आज नऊशे वर्षांनी आपण घेऊ शकतो.

आपल्या पोपटाच्या कर्त्याचे नाव गावात कोणालाही ठाऊक नाही. मी चौकशी केली, जुनी कागदपत्रेही पाहिली. म्हणून समितीला दोन विनंत्या. देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जात आहेत, ते योग्यच आहे. पैशावाचून खांब उभा राहत नाही. त्याच फलकावर, तितक्याच मोठ्या अक्षरांत, ह्या वेळच्या सुतारांची, पाथरवटांची व गवंड्यांची नावे गावासह घालावीत. फलक अजून कोरून झालेला नाही, तोवर हे होण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट जरा नाजूक. चारही जुन्या खांबांना ऑइलपेंट देण्याचे ठरत आहे आणि रंगाचे डबे ओसरीवर येऊन पडले आहेत. ज्यांनी ते दिले त्यांची भावना निर्मळ आहे. पण रंगाचे दोन हात बसले की पोपटाची पिसे बुजली. खांबांना जवसाचे तेल पाजून फडक्याने पुसून घ्यावे. रंग वाया जाणार नाही. धर्मशाळेची दारे-खिडक्या कोरड्या पडल्या आहेत, तेथे तो शोभेल.

पंगत मांडली गेली आहे, वाढपी खोळंबले आहेत.