आपल्या वाट्याचे देणे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बायबलच्या नव्या करारात एका धनवान तरुणाची गोष्ट आहे. तो धावत येऊन येशूपुढे गुडघे टेकतो आणि सार्वकालिक जीवन कसे मिळेल, असे विचारतो. देवाच्या आज्ञा आपण लहानपणापासून पाळत आलो आहोत, असेही सांगतो. येशूला तो आवडतो. मार्कने हे मुद्दाम नोंदवले आहे. मग येशू त्याला सांगतो की, असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तरुण खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याची मालमत्ता मोठी असते. पुढे त्याचे काय झाले, ते लिहिलेले नाही.

या तरुणावर मी कितीतरी उपदेश ऐकले. पण त्याच्या घरी कोण कोण होते, असे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. आई असेल, बायको असेल, पाठची भावंडे असतील. त्याने सगळे विकले असते, तर त्यांनी काय करायचे? हा प्रश्न पळवाट म्हणूनही विचारता येतो, आणि बहुतेक वेळा आपण तो तसाच विचारतो. तरीही प्रश्न खरा आहे. आपल्याकडे एका घराने तो प्रत्यक्ष जगून पाहिला.

कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्या वेळी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. पदरी लहान मुलगा होता. नवऱ्याने धर्म बदललेला, सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई. तिच्यावर काय ओढवले असेल, याची कल्पना करावी. काही वर्षांनी त्या पुन्हा पतीकडे आल्या आणि पुढे स्वतःच्या मनाचा कौल घेऊन ख्रिस्ती झाल्या. नगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. पोरकी मुले, विद्यार्थी, पाहुणे यांना तिथे मज्जाव नव्हता. बालकवी ठोमरेही या घरात राहून गेले. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू उभा राहिला की, यांचा हात खिशात जायचा. रात्रीच्या भाकरीची चिंता स्वयंपाकघराने करायची!

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला. वय पंचावन्न. ख्रिस्ती झालेल्या माणसाला ‘भाकरीसाठी बाटला’ असे हिणवण्याचा तो काळ होता. परदेशी मिशनचा पगार घेऊन ख्रिस्ताविषयी बोलणे त्यांना जड वाटू लागले. आपल्या लोकांत साधुसंतांसारखे वावरावे, देव देईल त्यावर राहावे, असा त्यांचा निश्चय झाला. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. पुढे दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते गेले.

या त्यागाची दुसरी बाजू आपल्याला कळते ती लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे. पैशांची ओढाताण आहे, रागरुसवे आहेत, टिळकांचा तापट स्वभाव आहे. सगळे हसतखेळत सांगितलेले आहे, पण हिशेब कुठेही सोडलेला नाही. मला वाटते, टिळकांच्या भक्तीवर इतके प्रेमाने आणि इतके स्पष्ट दुसऱ्या कुणी लिहिले नसेल.

टिळकांना तुकोबांविषयी फार भक्ती होती. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपण सगळे जाणतो. पण त्यातला एक तपशील आपण विसरतो. परंपरा सांगते की, त्यांनी आधी खतांच्या दोन वाटण्या केल्या. धाकटा भाऊ कान्होबा याचा हिस्सा त्याच्या हाती दिला आणि बुडवला तो फक्त आपला. जिजाईला विचारले होते की नाही, ते मात्र कथा सांगत नाही. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेचे येशूने कौतुक केले. तिची ती सारी उपजीविका होती, आणि ती तिची स्वतःची होती.

माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाळक होते. त्यांची देवावरची निष्ठा मी जवळून पाहिली आहे. तशी मला साधलेली नाही. एका जूनमध्ये आईने आमच्या वह्यापुस्तकांसाठी डाळीच्या डब्यात साठवलेले पैसे त्यांनी दारात आलेल्या एका माणसाला देऊन टाकले. त्याचे मूल आजारी होते. संध्याकाळी आईने डबा उघडला. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, “अहो, दिलंत ते बरंच केलंत. मीही दिले असते. पण ते देणं माझं होतं. मला विचारायचं तरी होतं.”

वडील त्या रात्री जेवले नाहीत. आम्हा भावंडांना वाटले, ते रागावले. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाच्या पुढे गेलो आहे आणि मला वाटते, ते विचारात पडले होते. देवाला सगळे दिले, असे आयुष्यभर म्हणणाऱ्या माणसाला, त्यातले आपले किती होते, हे कुणी पहिल्यांदाच विचारले होते.

पुढच्या महिन्यापासून पगार आला की, ते पाकीट न उघडता आईच्या हातात देऊ लागले. डबा पुन्हा अधूनमधून रिकामा होत राहिला. फरक इतकाच, की आता दारात कुणी आले की वडील आत वळून आईला हाक मारत आणि ती पदराला हात पुसत डब्याकडे जात असे.