चालते घर आणि उघडे साणे



आमच्या मराठवाड्यात जुने घर म्हणजे धाब्याचे घर. रुंद मातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळया, त्यांवर मातीचे माळवद, आणि स्वयंपाकघरावर त्या माळवदात ठेवलेले एक भोक. कुणी त्याला साणे म्हणतात, कुणी सवणे. चुलीचा धूर त्यातून वर जाई, सकाळचा कवडसा त्यातून खाली येई, आणि आभाळ भरून आले की घरातले एखादे पोर पळत माळवदावर जाऊन त्यावर परात पालथी घाली. पळत जायला वेळ मिळे, कारण घर जागचे हलत नसे. आज मी ज्या साण्याविषयी बोलणार आहे, ते हलणाऱ्या घराचे आहे.

मोटारीतच बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी आणि कपाट बसवून केलेले फिरते घर आता आपल्याकडेही दिसू लागले आहे. 2021 साली महाराष्ट्र शासनाने अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरणही आणले. अशा गाडीच्या छताला एक-दोन झरोके असतात आणि प्रत्येकावर वर उचलता येणारे झाकण असते. तुम्ही म्हणाल, मास्तर, आमच्या गावात असली गाडी कुणाकडे आहे? नसेल. पण आषाढीला दिंडीबरोबर जाणारा ताडपत्रीचा टेंपो तुमच्या ओळखीचा आहे. एसटीच्या छतातली झडप तुम्ही पाहिली आहे. सोयरिकीला जाताना भाच्याच्या नव्या मोटारीचे सरकते छत तुम्ही उघडून पाहिलेच असेल. प्रश्न एकच आहे. गाडी धावत असताना वरचे तोंड उघडे ठेवावे का?

मी हे अनुभवाने सांगतो आणि तो अनुभव फारसा भूषणावह नाही. माझ्या एका मित्राने जुनी गाडी घेऊन तिचे असे घर करवून घेतले. एका मे महिन्यात आम्ही जालन्याहून सिंदखेडराजा मार्गे लोणारचे सरोवर पाहायला निघालो. वाटेत एका लिंबाखाली जेवण झाले. आत पत्रा तापून भट्टी झाली होती, म्हणून मी झाकण उघडले. गरम हवा वर निघून गेली, बरे वाटले. निघताना मित्र म्हणाला, "वरचं लावलं का?" मी म्हणालो, "राहू दे रे, जरा वारा लागेल."

वारा लागला. गाडीने वेग घेतला तसे झाकण थडथडू लागले. मी आपला पाठ टेकून डुलक्या घेत होतो. मग एक मोठा आवाज झाला आणि छतातून आभाळ दिसू लागले. मागे एक मोटारसायकल येत होती. त्यावर नवरा, बायको आणि टाकीवर बसवलेले लहान मूल. झाकण त्यांच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर आपटले. गडी हुशार, त्याने गाडी मातीत उतरवली आणि सावरली. आम्ही थांबलो. त्याने ते झाकण उचलले, आमच्याकडे आणून दिले आणि एवढेच विचारले, "हे तुमचंच का, सर?" त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

आता हे झाले कसे? मी भूगोलाचा माणूस. हिशेब आमच्या महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांकडून समजून घेतला. पण मूळ गोष्ट तुम्हां-आम्हांला पाठ आहे. वळिवाचे वादळ येते तेव्हा वारा आडवा वाहतो, पण घरावरचे पत्रे मात्र वर उचलले जातात. म्हणून तर आपण पत्र्यांवर दगड ठेवतो. छतावरून वारा जोरात गेला की तिथला दाब उतरतो, आतला दाब जास्त राहतो आणि तो छताला वर ढकलतो. धावत्या गाडीवरही हेच होते, फक्त वादळ गाडी स्वतः तयार करते. एसटीच्या खिडकीचा पडदा बघा. वारा आत येईल म्हणून आपण खिडकी उघडतो आणि पडदा फडफडत बाहेर ओढला जातो.

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. शिक्षकांनी हे गणित वर्गात अवश्य घालावे. बैलगाडी तासाला पाच किलोमीटर चालते असे धरा आणि मोटार ऐंशी. वेग सोळापट, म्हणून जोर सोळा गुणिले सोळा, म्हणजे 256 पट. छकड्याच्या तट्ट्याला जो वारा कुरवाळतो, तोच मोटारीचे झाकण उपटतो. ताशी 80 किलोमीटर वेगाला समोरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण 30 किलो वजनाइतका भरतो. 40 सेंटिमीटर लांब-रुंद झाकण पुरते उभे राहिले, तर त्यावर सुमारे पाच किलो भार येतो. आता आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला आणि तिथे हलक्या गाड्यांना सपाटीवर 120 किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला हाच भार अकरा किलोच्या आसपास जातो. त्यात समोरून वारा असला तर त्याचा वेग यात मिळवायचा. आणि हा भार स्थिर नसतो. शेजारून मालमोटार गेली की धक्का बसतो, मग सोडतो, मग पुन्हा बसतो. बिजागरीचे स्क्रू असेच सैल होतात.

काही झाकणांची बिजागरी पुढच्या अंगाला असते, तोंड मागे. त्यांना वारा खाली दाबतो, ती जरा जास्त तग धरतात. तोंड पुढे असेल तर वारा सरळ पोटात शिरतो. काही ठिकाणी झाकणावर जाळीचे पक्के टोपण बसवतात, त्याखाली झाकण उघडे राहिले तरी चालते. गाडी बनवणाऱ्याने तसे स्पष्ट सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. एरवी निघण्याआधी झाकण बंद. शिवाय उघडे झाकण म्हणजे गाडीची उंची वीतभर वाढली. आपल्या जुन्या रस्त्यांवर लिंबा-वडाच्या फांद्या खाली आलेल्या असतात, रेल्वेच्या फाटकाआधी उंचीचा आडवा दांडा असतो. ते लक्षात कुणाच्या असते?

झाकण तुटले तर नवे मिळेल. दुसरा धोका दिसत नाही, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर बोलतो.

काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मागच्या उघड्या फाळक्याशी बसून तुम्ही कच्च्या रस्त्याने गेला असाल. उतरल्यावर सर्वांत जास्त धूळ कुणाच्या केसांत असते? मागे बसलेल्याच्या. गाडी पुढे पळते आणि तिच्याच चाकांची धूळ वळसा घेऊन मागून आत येते. आता धुळीच्या जागी इंजिनाचा धूर आहे असे समजा. छताचे तोंड उघडे असले आणि पुढच्या काचा बंद असल्या, तर वरून हवा ओढली जाते. ती भरून काढायला हवा कुठूनतरी येणारच. मागचे दार किंवा मागची खिडकी उघडी असेल, तळाच्या फळीला फटी असतील, तर ती तिथून येते आणि येताना धूर घेऊन येते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोके दुखल्यासारखे होते, मळमळते, मग झोप येते. प्रवासात झोप येणे कुणाला वावगे वाटत नाही, हीच त्यातली भीती.

म्हणून मागे कुणी झोपलेले असेल तर मागचे दार-खिडकी बंद, वरचे झाकण बंद आणि पुढची काच चार बोटे खाली, म्हणजे ताजी हवा पुढून येत राहते. दिंडीच्या टेंपोत म्हातारी माणसे ताडपत्रीखाली पडवीत निजावी तशी निजलेली मी पाहिली आहेत. मालाच्या गाडीत माणसे नेऊ नयेत हा कायदा आहेच. निदान जिथे धुराची नळी, तिथे उशाशी जागा धरू नका. स्वयंपाकाच्या गॅसची गोष्ट तर उलटीच. तो हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो तळाशी साचतो, वरचे साणे त्याला काही करू शकत नाही. त्याला वाट तळाशीच हवी आणि निघताना सिलिंडरची कळ बंद हवी.

झाकण बंद ठेवा म्हणालो, पण ते तारेने बांधून टाकू नका. 1 जुलै 2023 च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खाजगी बस उलटून पेटली आणि 25 माणसे गेली. बस दाराच्या अंगावर पडली होती, त्यामुळे दार असून नसल्यासारखे झाले. बसच्या छतातली झडप मुळात अशा वेळेसाठी असते. तिच्यावर सामान बांधणे, तिची मूठ काढून ठेवणे, हे प्रकार दिसले तर वाहकाला जरूर विचारा. फिरत्या घरातही झाकण आतून, किल्लीशिवाय, एका हाताने उघडले पाहिजे. घरातल्या प्रत्येकाने ते एकदा उघडून पाहावे, पोरांनीसुद्धा.

पोरांवरून आठवले. सरकत्या छतातून डोके बाहेर काढून उभे राहिलेले मूल आता लग्नाच्या वरातीपासून महामार्गापर्यंत कुठेही दिसते. आईबाप कौतुकाने फोटो घेतात. गाडी थांबल्यावर पट्टा न लावलेले मूल थांबत नाही, ते गाडीच्याच वेगाने पुढे जाते. यापुढे मी जास्त काही बोलणार नाही.

मग साण्याचा उपयोग काय? भरपूर आहे, पण गाडी उभी असताना. सावलीच्या अंगाची खालची खिडकी आणि वरचे झाकण एकदम उघडा. गरम हवा हलकी, ती वर जाते. सावलीतली गार हवा खालून येते. आपल्या आज्यांचे माळवद याच रीतीने निवत होते. निघण्याआधी अर्धा तास असे केले तर आतली भट्टी बरीच शांत होते, पुढचे काम पुढच्या काचांवर भागते.

राहता राहिला प्रश्न विसरण्याचा. त्या दिवसानंतर माझ्या मित्राने एक युक्ती काढली आहे. कुठेही थांबून झाकण उघडले की तो गाडीची किल्ली त्या झाकणाच्याच मुठीला अडकवतो. निघायचे तर किल्ली घ्यायला वर हात न्यावाच लागतो. परवा मी त्याच्याबरोबर पुन्हा गेलो, तेव्हा किल्ली अडकवून तो माझ्याकडे पाहून हसला. म्हणाला, "ही मूठ तुझ्या नावाची आहे, मास्तर."